वडील वरणाला नावं ठेवतात

इंग्रजी शिकवण्याचा कंटाळा मला नक्की कधी आला ते सांगता येणार नाही. आला आणि मग गेलाच नाही, एवढं खरं. मी धुळ्याची. बी.एड. झाले आणि नोकरी लागली ती बोदवडच्या पुढं, दोन-तीन मैलांवरच्या एका गावातल्या शाळेत. धुळ्याला आई-वडील, आणि इथं मी कापसाच्या जिनिंगच्या मागच्या एका खोलीत. साठ ते सत्तरच्या मधली ती वर्षं. अकरावीला तेव्हा मॅट्रिक म्हणत, आणि इंग्रजी सोडूनही पास होता येई. इंग्रजी सोडून पास झालेल्या पोराला लोक पासच म्हणत, पण जरा हळू आवाजात. कचेरीत कुठं चिकटायचं तर इंग्रजी घेऊन पास व्हावं लागे. म्हणून ज्याला त्याला इंग्रजी हवं असे, आणि येत कुणालाच नसे.

परीक्षेत एक हमखास प्रश्न असायचा. शब्दांच्या जोड्या दिलेल्या असायच्या, दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचं दुसरीशी पटत नाही अशा. त्यांच्या अर्थातला फरक कळेल अशी वाक्यं लिहायची. दहा मार्क. आमच्या पोरांना निबंध जमायचा नाही, पत्र जमायचं नाही, उताऱ्यावरचे प्रश्न तर लांबच. हे दहा मार्क मात्र पाठांतरानं मिळण्यासारखे होते. पाठांतरात आमची पोरं कुणाला हार जाणारी नव्हती.

मग एका मे महिन्यात मी धुळ्याला घरी गेले असताना पाय मुरगळून पंधरा दिवस पडून होते, तेव्हा एक वही केली. शंभर जोड्या, दोनशे वाक्यं. पुस्तकातली वाक्यं लंडनच्या धुक्याची आणि बर्फाची. ती आमच्या पोरांच्या डोक्यात एका कानानं शिरून दुसऱ्यानं बाहेर पडत. म्हणून वाक्यं मी माझ्याच आजूबाजूची रचली. 'हियर' आणि 'लिसन' : जिनिंगचा आवाज मला दिवसभर कानावर येतो, पण मी तो लक्ष देऊन ऐकत नाही. 'शेड' आणि 'शॅडो' ही मोठी त्रासदायक जोडी, कारण आपल्याकडे दोन्हीला सावलीच. कडुलिंबाखाली बसतो ती शेड, भर उन्हात बाजारातून येताना आपल्याबरोबर चालते ती शॅडो. आपल्या लोकांना झाडाची आणि स्वतःची सावली वेगळी करावीशी कधी वाटली नाही, त्यात चुकलं काही नाही असं माझं मत आहे. पण पेपर तपासणाऱ्याला माझ्या मताशी काय देणंघेणं? 'थीफ' आणि 'रॉबर' : भुसावळ स्टेशनवर माझी छत्री नकळत नेली तो थीफ. दमदाटी करून नेली असती तर रॉबर. छत्री खरंच गेली होती.

आणि 'कस्टम' आणि 'हॅबिट'. घराण्याची रीत आणि माणसाची सवय. पाहुण्याला आधी वाढायचं ही आमच्या घरची रीत आहे. वरणाला नावं ठेवायची ही माझ्या वडिलांची सवय आहे. हे वाक्य रचायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. मी अंथरुणावर पाय उंच करून पडलेली, आणि पलीकडे वडील पहिला घास घेऊन आईला सांगत होते, आज पातळ झालं. आदल्या दिवशी वरणात चमचा उभा राहत होता, अशी तक्रार होती.

ती वही मी पुढं वर्षानुवर्षं फळ्यावर उतरवली. पोरांनी आपल्या वह्यांत उतरवून घेतली, मी तपासून सही-तारीख टाकली, पोरांनी पाठ केली. साठ-साठ पोरांचे दोन वर्ग, दुपारी पत्र्याखाली. एक वाक्य मी म्हणायची, साठ पोरं म्हणायची. त्यातून कुणाला इंग्रजी येऊ लागलं असा माझा दावा नाही. मीसुद्धा तेव्हा शिकवत नव्हते, रेटत होते.

आमच्या शाळेत एक शिपाई होता. वय चाळीसच्या पुढं. मूळचा धुळ्याकडचा, साक्रीच्या बाजूच्या एका खेड्यातला. त्याची बोली अहिराणी, इकडची वेगळी, त्यामुळे तो इथल्या लोकांशी जरा जपून बोले. माझ्याशी मात्र घरच्यासारखं बोलायचा, कारण मी धुळ्याची. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही. घंटा देणं, टपाल आणणं, चाव्या सांभाळणं ही त्याची कामं. पण खरं काम पाण्याचं. विहीर शाळेपासून लांब, टेकाडाच्या खाली. तिथून कावडीनं पाणी आणून तो रोज रांजण भरायचा. वीस वर्षं त्यानं ते केलं, आणि एका थंडीत त्याची पाठ धरली ती सुटेना. जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं नाही. उचललंस तर एक दिवस उठता येणार नाही. शिपायानं पाणी आणायचं नाही तर करायचं काय, हे काही डॉक्टरनं सांगितलं नाही.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसातले कारकून दोन-तीन वर्षांत निवृत्त व्हायचे होते. संस्थेनं ठरवलं, भाऊ इंग्रजी घेऊन मॅट्रिक झाला तर ती जागा त्याला द्यायची. नाही झाला तर बाहेरचा माणूस घ्यायचा. सातवीनंतर सुटलेलं शिक्षण. बाकीचे विषय त्यानं कसेबसे आधीच काढले होते. राहिलं होतं इंग्रजी.

तो वर्गाबाहेर स्टुलावर बसून ऐकायचा. आधी मला ते समजलंही नाही. एकदा मी फळ्यावर वाक्य लिहिता लिहिता थांबले, खरं म्हणजे उभ्या उभ्या पेंगले, तर बाहेरून उरलेलं वाक्य आलं. पोरं हसली. मीही हसले, फार दिवसांनी. मधल्या सुट्टीत त्याला विचारलं, "भाऊ, किती येतात?"

"बत्तीस जोड्या येतंस बाई. पुढन्या आज आयकसू."

तेव्हापासून दोन वर्षं मधल्या सुट्टीत तो मला जोड्या म्हणून दाखवायचा. मी डबा खायची, तो दाराशी उभा राहून म्हणायचा. वही त्यानं केली नाही; लिहायला बसलं की पाठ दुखते म्हणायचा, आणि वहीचा उपयोग काय, पाठ तर शे, म्हणजे पाठ तर आहेच. चुकला की मी घास तोंडात ठेवून मान हलवायची. काही काही दिवशी मला अगदी नको व्हायचं. डोकं दुखतंय, पुढचे तीन तास बाकी आहेत आणि हा आपला म्हणतोय, इट इज माय फादर्स हॅबिट टु फाइंड फॉल्ट विथ द दाल. पण म्हणताना त्याचा चेहरा असा असायचा की त्याला जा म्हणणं मला कधी जमलं नाही. शंभरच्या शंभर त्याला यायला लागल्या त्या दिवशी मी त्याला माझ्या डब्यातली शेवभाजी दिली. त्यानं ती उभ्यानंच खाल्ली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्र आमच्याच शाळेत. भाऊनं रजा टाकली, धुतलेला सदरा-पायजमा घातला आणि बाहेरचा उमेदवार म्हणून तो पोरांच्या रांगेत जाऊन बसला. पेपरातल्या पाचपैकी चार जोड्या आमच्या वहीतल्या निघाल्या. पोरं बाहेर आली ती नाचतच. भाऊ नाचला नाही, पण घरी जाताना विहिरीच्या वाटेनं गेला नाही, लांबच्या वाटेनं गेला.

मे महिन्यात बोर्डाचं पत्र आलं. केंद्रावर सामुदायिक कॉपी झाल्याचा संशय आहे, सगळ्यांचे निकाल राखून ठेवले आहेत, चौकशीला जळगावला हजर राहावं. कारण काय, तर पेपर तपासणाऱ्याला एकशे चौदा उत्तरपत्रिकांत एकच वाक्य सापडलं होतं. या केंद्रावरच्या प्रत्येक उमेदवाराचे वडील वरणाला नावं ठेवत होते.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा ते पत्र मी तीनदा वाचलं होतं. आमच्याकडे वाक्य पाठ करायचं ते काना-मात्रेसकट. त्यात आपल्या पदरचं काही घालणं म्हणजे बाईंची चूक काढणं, आणि ते कुणी करणार नाही. मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीनं वरण लिहिलं, केळीच्या बागेवर राखणीला असलेल्याच्या मुलानं वरण लिहिलं, आणि ज्याच्या घरी रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, त्यानंही वरणच लिहिलं. आपले वडील खरंच असं करतात का, हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही. परीक्षा वेगळी, घर वेगळं.

मुख्याध्यापक, मी, भाऊ आणि पाच मुलं असे आम्ही पॅसेंजरनं जळगावला गेलो. एका शाळेच्या खोलीत दोन साहेब बसले होते, एक म्हातारे आणि एक तरुण. वाळ्याचा पडदा लावला होता, पण त्यावर पाणी मारायला माणूस नव्हता. मुलांचं लवकर आटोपलं. त्यांच्या वह्या मी बरोबर नेल्या होत्या. प्रत्येक जोडीखाली माझी सही आणि गेल्या वर्षाची तारीख. म्हातारे साहेब वह्या चाळत माझ्याकडे असे बघत होते, की असं शिकवण्यापेक्षा मी कॉपी पुरवणारी असते तर बरं. मग भाऊची पाळी आली.

"तुमच्या वडिलांना वरण आवडत नाही?" तरुण साहेबांनी विचारलं.

"वडील वारलेत साहेब. मी नऊ वर्सांना व्हतू."

"मग हे कुणाचे वडील?"

"बाईंचे."

"म्हणजे दुसऱ्याचं उतरवलंत."

"नही साहेब. पाठ शे."

"वही कुठंय?"

"वही नही. वर्गाबाहेर बसीसन आयकं." आणि तो तिथंच सुरू झाला, पहिल्या जोडीपासून, हात जोडून, डोळे मिटून. सात-आठ जोड्या झाल्यावर म्हाताऱ्या साहेबांनी हात वर केला. पेपर होऊन दोन महिने झाले, दोन महिन्यांत काय वाटेल ते पाठ होतं, असं ते म्हणाले. परीक्षेच्या आधी येत होतं का, एवढाच प्रश्न आहे. शाळेच्या चाव्या कुणाकडे असतात, हेही त्यांनी विचारलं. चाव्या भाऊकडे असत. कॉपीच्या चिठ्ठ्या कुणी पुरवल्या असतील याचं उत्तर तिथं तयार झालं, हे मला दिसलं.

भाऊनं माझ्याकडे एकदा बघितलं. मधल्या सुट्टीतलं काहीच त्यानं सांगितलं नव्हतं. ते बाई सांगतील, असं त्यानं धरलं होतं. साहेबांनी मला सांगितलं की काय ते लेखी द्या, आठ दिवसांत. मीही तिथं तोंड उघडलं नाही. लेखी द्यायचंच आहे, मग आत्ता कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. परतीच्या गाडीत भाऊनं मुलांना शेंगा घेऊन दिल्या. मला म्हणाला, "बाई, तुम्ही थकी गयात. आडव्या व्हा जराशा, मी जागा धरस."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. ते वाईट नव्हते. सगळ्यांचं बरं व्हावं असं वाटणारा, पण त्यासाठी कुणाचंच नीट न करणारा माणूस. म्हणाले, "बाई, मुलांचं बिनधास्त लिहा. भाऊचं जरा जपून. तुम्ही लिहाल की मला ठाऊक आहे, त्याला आधीपासून येत होतं. ते विचारतील, कसं ठाऊक? तुम्ही म्हणाल, दोन वर्षं रोज ऐकलं. कुठं? शाळेत. शाळेच्या वेळात शिपायाची शिकवणी? आणि तीही तुमच्याच केंद्रावर बसणाऱ्याची? पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तुमचं नाव संस्थेकडे गेलंय. मी अडवत नाही, पण विचार करा."

मी विचार केला, असं म्हणणं खोटं होईल. मी दमले होते. पर्यवेक्षिका झाले तर दिवसाचे तास निम्म्यावर येणार होते. साठ पोरं आणि पत्र्याखालच्या दुपारी निम्म्या होणार होत्या. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मोठेपणाची हाव नव्हती, बसायला मिळावं एवढी इच्छा होती. पण भाऊलाही तेवढंच हवं होतं.

घरी येऊन मी इंग्रजीत निवेदन लिहिलं. मुलांबद्दल लिहिलं, ही वाक्यं मी स्वतः सांगितली, हे मला ठाऊक आहे; आय नो. भाऊबद्दल लिहिलं, त्यानं ती वर्गाबाहेरून ऐकून पाठ केली असावीत असं मला वाटतं, आय बिलीव्ह. मधल्या सुट्टीचा उल्लेख केला नाही. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे त्या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच तर मी दुसरा निवडला. पाकीट चिकटवून मी भाऊच्याच हाती टपालात टाकायला दिलं.

जूनच्या शेवटी मुलांचे निकाल लागले, पेढे आले. भाऊच्या नावाचं बोर्डाचं पत्र त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं. मधल्या सुट्टीत तो नेहमीसारखा दाराशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, वाचून घ्यायला आलाय. इंग्रजी पत्र गावात कुणालाही आलं तरी ते माझ्याकडेच यायचं. मी हात पुढं केला. त्यानं पत्र दिलं नाही.

"मी वाचं बाई. माले उनं वाचता."

आणि त्यानं ते वाचून दाखवलं, शब्दाशब्दाखाली बोट धरून, अडखळत पण बरोबर. उमेदवाराचा निकाल रद्द करण्यात येत आहे. उमेदवाराकडे वही नाही. संबंधित शिक्षिकेला तसं केवळ वाटतं. त्यांना स्वतःला तसं ठाऊक असल्याचं त्यांनी म्हटलेलं नाही. तिथं तो थांबला. ते वाक्य त्यानं पुन्हा वाचलं. मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते. मला इतकी लाज वाटत होती की मान वर होईना.

त्यानं पत्राची घडी घातली. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. एखादी जोडी अडली की जसं विचारायचा, तसंच त्यानं विचारलं.

"बाई, मी दोन वर्स रोज अठेच उभा राहीसन म्हनू ना. तुम्हले ठाऊक नव्हतं का?"

होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "भाऊ, सुट्टी संपली असेल. घंटा द्या."

तो गेला. घंटा झाली. मग खिडकीतून मला तो दिसला, कावड खांद्यावर घेऊन टेकाड उतरताना, एक हात पाठीवर.